फिट म्हणून खपवलेली पाठ

ड्रेसाज, क्रॉस कंट्री आणि उड्या यांच्या मोठ्या इव्हेंटिंग स्पर्धेची सुरुवात घोड्यांच्या तपासणीने होते. स्पर्धा बॅडमिंटनची असो, बर्लीची असो की केंटकीची, ड्रेसाजच्या आधी प्रत्येक घोडा परीक्षक आणि पशुवैद्यांपुढे आणून दुडक्या चालीने पळवून दाखवावा लागतो. खोगीर उतरवलेलं असतं, खरारा करून अंग तुकतुकीत केलेलं असतं, आयाळ बारीक वेण्यांत गुंफलेली असते. पाठ झाकायला काही नसतं. काही लहान स्पर्धांतही हाच प्रकार असतो, आणि कुठल्याही पातळीवर अधूनमधून एखादा घोडा असा येतो की त्याच्याकडे पाहून राहवत नाही. मानेच्या बुडाशी हाडाचा जो उंचवटा असतो, ज्याला स्वार विदर्स म्हणतात, त्याच्यामागे दोन्ही बाजूंना मूठ मावेल असे खळगे पडलेले असतात. कण्याची धार वर आलेली असते, कंबर बसलेली असते, पुठ्ठ्याचा माथा छपरासारखा टोकदार दिसतो. कुणी त्याबद्दल विचारलंच तर उत्तर तयार असतं: फिट घोडा असाच दिसतो. या चार शब्दांवर विषय मिटतो. विचारणाऱ्याला घोड्यातलं काही कळत नाही असं ठरतं आणि घोडा त्याच पाठीवर पुन्हा खोगीर घेऊन मैदानात जातो. हे उत्तर चुकीचं आहे. शिवाय ते घोड्याच्या जिवावर बेतणारं आहे, म्हणून ते एकदा मुळापासून तपासायला हवं.

या मताच्या बाजूने जे बोललं जातं ते त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात मांडतो. ते असं आहे. इव्हेंटिंगचा घोडा म्हणजे मॅरेथॉनचा धावपटू. पंचतारांकित स्पर्धेत क्रॉस कंट्रीच्या दिवशी त्याला मिनिटाला 570 मीटरच्या वेगाने सहा किलोमीटरांहून जास्त अंतर तोडावं लागतं आणि त्यात चाळीसच्या वर उड्या घ्याव्या लागतात. त्यासाठी महिनोन्‌महिने टेकड्या चढवून आणि भरधाव पळवून त्याला तयार केलेलं असतं. अंगावर फाजील चरबी नसते. नुसत्या ड्रेसाजच्या घोड्याची भरदार मान आणि गोल पुठ्ठा पाहून ज्यांचे डोळे तयार झाले आहेत त्यांना हा घोडा सुकलेला वाटतो, पण तो सुकलेला नसून कसलेला असतो. ज्याला गुबगुबीत घोडा हवा त्याने प्रदर्शनातला घोडा पाहावा. या युक्तिवादात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत: चरबी, स्नायूंचा आकार आणि स्नायूंची झीज. पहिल्या दोन गोष्टींबद्दल हे लोक जे म्हणतात ते बरंचसं खरं आहे. तिसरी गोष्ट ते या दोघींच्या आडून चोरून आत आणतात.

आधी चरबी. घोड्याची अंगस्थिती मोजायला जगभर जी पट्टी वापरतात ती डॉन हेन्नेके यांनी टेक्सास ए अँड एम विद्यापीठात बनवली आणि 1983 मध्ये प्रसिद्ध केली. एक ते नऊ अंकांची ही पट्टी मान, विदर्स, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं बूड या सहा ठिकाणी हात आणि डोळा लावून चरबी किती साठली आहे ते सांगते. ती घोड्यांच्या माद्यांच्या अभ्यासातून निघाली, आणि अंगावरची चरबी मोजण्यासाठीच निघाली. स्नायू मोजण्याचा तिचा दावा कधीच नव्हता. या पट्टीवर पाच अंक म्हणजे बरगड्या दिसत नाहीत पण हाताला सहज लागतात, आणि चार म्हणजे त्यांची पुसट रेषा दिसते. स्पर्धेच्या घोड्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या पळताना दिसल्या तर कुणीही गहजब करू नये, कारण बरगड्यांवर चरबी नसणं हा कसरतीचाच परिणाम आहे. पण खांद्यामागचा खळगा बरगडीवरचा नसतो. तिथे ट्रॅपेझियस आणि त्याच्या खालचे स्नायू असायला हवे असतात. कंबरेवर कण्याच्या दोन्ही बाजूंना लाँगिसिमस हा शरीरातला सगळ्यात लांब स्नायू असायला हवा असतो, आणि पुठ्ठ्यावर ग्लुटियस मीडियस हवा असतो. चरबी नाही म्हणून बरगडी दिसते हे मान्य. चरबी नाही म्हणून स्नायू नाहीसा झाला हे कुठल्या शरीरशास्त्रात लिहिलं आहे? कसरतीने चरबी उतरते, आणि त्याच कसरतीने स्नायू टिकायला किंवा वाढायला हवा. दोन्ही एकदम उतरत असतील तर त्या घोड्याचं शरीर कसलं जात नसून संपत चाललं आहे, आणि त्या स्थितीला फिटनेस म्हणणं म्हणजे लक्षणालाच आरोग्य म्हणणं.

इथे जरा अभ्यासू माणूस स्नायूतंतूंचा मुद्दा काढतो, आणि तो हलका नाही. स्वीडनमध्ये 1970 च्या दशकात घोड्यांच्या ग्लुटियसमधून सुईने नमुने काढून तंतूंचे प्रकार तपासायला सुरुवात झाली, तेव्हापासून हे ठाऊक आहे की लांब पल्ल्याच्या घोड्यात सावकाश आकुंचन पावणारे, प्राणवायूवर चालणारे तंतू जास्त असतात आणि छोट्या पल्ल्याच्या जोरकस घोड्यात झटपट आकुंचन पावणारे जाड तंतू जास्त असतात. दमसासाच्या कसरतीने तंतू फुगत नाहीत. त्यांच्याभोवतीच्या केशवाहिन्या आणि आतले मायटोकाँड्रिया वाढतात, आणि तंतू बारीक असला तर प्राणवायू आत पोचायला उलट सोपं जातं. म्हणून अरबी घोडा क्वार्टर हॉर्ससारखा फुगीर दिसत नाही आणि दिसूही नये. हे सगळं मान्य करून विचारतो: यातून काय सिद्ध झालं? इतकंच की दमदार घोड्याचा स्नायू सपाट, लांब आणि घट्ट असेल. तो नसेल असं कुठे सिद्ध झालं? सपाट स्नायू हाताला लागतो, दाबल्यावर उसळी देतो, कण्यापासून बरगडीकडे उतरणारी सलग उतरंड बनवतो. झिजलेल्या स्नायूच्या जागी बोट थेट हाडावर जातं. या दोन स्पर्शांत गोंधळ होण्यासारखं काही नाही, फक्त हात लावण्याची तयारी हवी. शिवाय इव्हेंटिंगचा घोडा निव्वळ पळणारा नाही. पंचतारांकित पातळीवर ड्रेसाजमध्ये त्याच्याकडून हाफ पास, फ्लाइंग चेंज, विस्तारलेली दुडकी अशी कामं मागितली जातात, आणि ती करण्यासाठी मागचे पाय पोटाखाली घेऊन वजन पेलावं लागतं. त्यानंतर उड्या. हे काम खरोखर होत असेल तर त्याच्या खुणा पाठीवर आणि पुठ्ठ्यावर उमटायलाच हव्यात. उमटल्या नसतील तर काम दुसऱ्याच कुठल्या तरी अवयवाकडून करून घेतलं जात आहे.

आणि नेमकी हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते, म्हणून पाठीच्या यंत्रणेबद्दल थोडं विस्ताराने बोलावं लागेल. घोड्याच्या छातीच्या भागात आणि कंबरेत मिळून 24 मणके असतात, 18 बरगड्यांचे आणि 6 कंबरेचे. हा सगळा पूल पुढच्या आणि मागच्या पायांच्या मध्ये टांगलेला असतो. पुढच्या बाजूला तर हाडाचा सांधाच नसतो. घोड्याला कॉलरबोन नसतं, त्यामुळे त्याची छाती दोन खांद्यांच्या फळ्यांमध्ये स्नायूंच्या झोळीत लोंबते. या पुलावर खोगीर आणि माणूस बसला की काय होतं हे 2004 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 75 किलोचं ओझं ठेवून मोजलं: पाठ खाली दबते, तिचा कल पोकळ होण्याकडे जातो. हा दाब रोखायचं काम पोटाचे स्नायू, मांडीच्या आतून कंबरेकडे जाणारे स्नायू, छातीची झोळी आणि मणक्यांना चिकटून असलेले मल्टिफिडससारखे खोलवरचे लहान स्नायू मिळून करतात. लाँगिसिमस चालताना पाठ हलवत बसत नाही, मुख्यतः ती स्थिर धरतो. म्हणजे टॉपलाइन, पाठीची वरची रेषा, हे सौंदर्याचं प्रकरण नाही. स्वाराचं वजन कुठे जातं याचा हिशेब तिथे दिसतो. वजन स्नायूंनी पेललं तर वरची रेषा भरते. स्नायूंनी हात वर केले तर ते वजन मणक्यांच्या टोकांवर, त्यांना जोडणाऱ्या अस्थिबंधांवर आणि शेवटी पायांच्या कंडरांवर जातं. छातीच्या मागच्या मणक्यांची वरची टोकं एकमेकांना घासायला लागतात, तो विकार नेमका खोगिराखालच्या भागात, तेरा ते अठराव्या मणक्यादरम्यान सगळ्यात जास्त सापडतो. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचा मरणोत्तर अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मणक्याची विकृती जिथे जास्त होती त्याच पातळीवर डाव्या-उजव्या मल्टिफिडसमध्ये तफावत आढळली. ज्या पाठीला आपण सहजपणे कसलेली म्हणतो तिच्या आत काय चाललं असू शकतं याची ही साक्ष आहे. ती वाचूनही ज्याला पाठीचा खळगा म्हणजे फिटनेसची खूण वाटते, त्याने निदान त्या खळग्याखाली काय आहे ते तपासल्याचं सांगावं.

तपासायला गेलं की कारणं सापडतात, आणि त्यातलं एकही कारण फिटनेस नसतं. पहिलं खोगीर. विदर्समागे दोन्ही बाजूंना पडलेला खळगा बऱ्याचदा खोगिराच्या सांगाड्याच्या टोकाशी जुळतो. अरुंद खोगीर खांद्याच्या फळीमागे रुतून बसतं, तिथला स्नायू दबून झिजतो, मग पोकळी झाली म्हणून खाली जाड पॅड घातलं जातं आणि खोगीर आणखी घट्ट होतं. दुसरं कारण दडलेला लंगडेपणा. लिने ग्रेव्ह आणि स्यू डायसन यांनी 2013 मध्ये दाखवलं की मागच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्यांपैकी निम्म्याच्या आसपास घोड्यांचं खोगीर एका बाजूला सरकत होतं, आणि पाय बधिर करून वेदना थांबवली की बहुतेकांचं सरकणं थांबत होतं. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा बारीक दिसली तर तिचा उगम मागच्या पायात असू शकतो. तिसरं कारण शिकवण्याची पद्धत. मान लगामाने वळवून खाली बांधली की समोरून घोडा आकारात आल्यासारखा दिसतो, पण पाठ खालीच राहते आणि मागचे पाय मागे रेंगाळतात. चौथं कारण आजार. पंधरा-सोळा वर्षांपुढच्या घोड्यात पिट्युटरी ग्रंथीचा विकार आधी पाठीवर दिसू शकतो. क्वार्टर हॉर्समध्ये मायोसिनच्या जनुकातल्या एका बदलामुळे काही दिवसांत पाठीचे स्नायू झडतात. जीवनसत्त्व ई कमी पडलं तरी स्नायू झिजतात, आणि वाळलेल्या गवतात ते फार कमी उरतं. यातल्या प्रत्येक कारणावर उपाय आहे. फिट घोडा असाच दिसतो असं म्हणणाऱ्याला मात्र उपाय शोधायची गरजच राहत नाही. म्हणून मला हे मत नुसतं चुकीचं वाटत नाही, ते निर्दयी वाटतं. घोड्याला बोलता येत नाही आणि त्याची पाठ जे सांगते ते ऐकायचं नाही असं आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं.

पाचवं कारण पोटाशी आहे आणि ते सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. कामाच्या घोड्याला खायला जास्त लागतं हे प्रत्येकाला कळतं, पण जास्त म्हणजे काय याचा विचार फक्त उष्मांकांचा केला जातो. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या 2007 च्या तक्त्यांनुसार 500 किलोच्या ठाणावरच्या घोड्याला दिवसाला सुमारे 630 ग्रॅम प्रथिन आणि 27 ग्रॅम लायसिन पुरतं. तोच घोडा जड कामावर गेला की त्याला सुमारे 860 ग्रॅम प्रथिन आणि 37 ग्रॅम लायसिन लागतं. लायसिन हे घोड्याच्या आहारात सगळ्यात आधी कमी पडणारं अमिनो आम्ल आहे, ते कमी पडलं की बाकीचं प्रथिन कितीही असलं तरी स्नायू बांधण्याच्या कामी पुरतं येत नाही. ओट आणि जव यांत ते बेताचंच असतं. तेल घातलं की उष्मांक वाढतात, प्रथिन एक ग्रॅमही वाढत नाही. लसूणघास, सोयाबीनची पेंड, भरडलेला हरभरा यांनी ही उणीव भरून निघते. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात तरुण आणि म्हाताऱ्या घोड्यांना नेहमीच्या खाण्यावर लायसिन आणि थ्रिओनिन दिलं, आणि 14 आठवड्यांत त्यांच्या स्नायूंची स्थिती सुधारली. त्या घोड्यांना कुणी कमी पळवलं म्हणून ते भरले नाहीत. त्यांच्या खाण्यातली एक ठरावीक कमतरता दूर झाली. आता सांगा, ज्या घोड्याची पाठ लायसिनअभावी रिकामी आहे त्याला तो फिट आहे म्हणून असा दिसतो असं सांगून कुणाचं भलं होतं? घोड्याचं तर नाहीच. फार तर त्याच्या खुराकाचा हिशेब ठेवणाऱ्याचं होतं.

जातीचा आक्षेप येतो. थरोब्रेड असाच असतो, त्याचे विदर्स उंच असतात, त्याचा सांगाडा उघडा दिसतो. विदर्स उंच असतात हे खरं, ते हाड आहे, आणि हाडाबद्दल कुणीच तक्रार करत नाही. पण हाडाच्या बाजूचा खळगा जातीत नसतो. डब्लिनमधल्या एमेलिन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवलं की मायोस्टॅटिनच्या जनुकाच्या प्रकारावरून थरोब्रेड छोट्या पल्ल्याचा की लांब पल्ल्याचा होईल हे बऱ्याच अंशी कळतं, आणि छोट्या पल्ल्याचे घोडे स्नायूंनी जास्त भरतात. म्हणजे वंशामुळे आकारात फरक पडतो. तो पडतो म्हणून प्रत्येक घोड्याची तुलना त्याच्या स्वतःशी करायची असते: गेल्या वर्षी याच घोड्याची कंबर कशी होती? मोसमाच्या सुरुवातीला भरलेली असलेली पाठ मोसमाच्या शेवटी बसली असेल तर जात मधल्या काळात बदलली का? वयाचंही तेच. म्हाताऱ्या घोड्याचा कणा थोडा खाली येतो, अस्थिबंध सैल होतात, पण झुकलेली पाठही स्नायूंनी भरलेली असू शकते आणि सरळ पाठही रिकामी असू शकते.

मग निकालांचा आक्षेप येतो, आणि तो वाद संपवायलाच काढलेला असतो: अशा पाठीचे घोडे जिंकतात. जिंकतात, नक्कीच. घोडा हा असा प्राणी आहे की तो दुखतं तरी पळतो. भुकेल्या शिकाऱ्यासमोर अशक्तपणा न दाखवण्याचं त्याचं वळण लाखो वर्षांचं आहे. धाडसी, दिलदार घोडा कमकुवत पाठीवरही एक मोसम, दोन मोसम काढतो, आणि मग त्याच्या पायाच्या कंडराला काय झालं त्याबद्दल निकालाच्या पानावर काही छापलेलं नसतं. जिंकलेल्या घोड्यांकडे बोट दाखवताना जे वाटेत निवृत्त झाले, विकले गेले, लंगडून घरी राहिले, त्यांची गणती कोण करतं? आणि तपासणीत पास झाला हे कारण तर अगदीच लंगडं आहे. ती तपासणी घोडा कडक जमिनीवर सरळ दुडक्या चालीने समान पावलं टाकतो की नाही हे पाहण्यासाठी असते. पायाचा असमानपणा ओळखायला ती चांगली आहे. पाठीच्या वेदना अशा दोन्ही बाजूंच्या, सारख्या, मुरलेल्या असल्या की पावलं समान राहू शकतात. एन्ड्युरन्सच्या खेळात तर प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्य घोड्याच्या पाठीवर, विदर्सवर आणि तंगाच्या जागी हात फिरवून वेदना आणि स्नायूंचा ताण तपासतात आणि त्याची नोंद ठेवतात, कारण लांब पल्ल्यावर पाठ काय सांगते हे त्या खेळाला कळून चुकलं आहे. आणि तिथलाच एक पुरावा सुकलेपणाच्या भक्तांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून 160 किलोमीटर चालणाऱ्या टेव्हिस कप शर्यतीतल्या घोड्यांचा 1990 च्या दशकात अभ्यास झाला, आणि त्यात अगदी हडकुळे घोडे शर्यत पुरी करण्यात मागे पडले. मध्यम अंगाचे घोडे पोचले. जगातल्या सगळ्यात काटक समजल्या जाणाऱ्या खेळातही हाडांचा सापळा ही जिंकण्याची तयारी ठरली नाही. मग सहा-सात किलोमीटरांच्या क्रॉस कंट्रीसाठी ती कशी ठरते? पूर्वी क्रॉस कंट्रीच्या आधी स्टीपलचेस आणि लांबलचक वाटांचा टप्पा असायचा, तोही 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकपासून वरच्या स्पर्धांतून जात गेला. आज घोड्याकडून आधीपेक्षा कमी अंतर आणि आधीपेक्षा जास्त नेमकेपणा मागितला जातो. तरीही जुन्या लांब पल्ल्याचं कारण अजून पुढे केलं जातं.

वजनाचा आक्षेप आणखी पोकळ आहे. स्नायू वाढले की पायांवर भार पडतो, म्हणून घोडा हलका ठेवायचा. हलका ठेवायचा असेल तर चरबी उतरवा, त्याला कुणाचाच विरोध नाही. पण जो स्नायू उडी मारून उतरताना धड सावरतो, जो छाती खांद्यांमध्ये उचलून धरतो, तो उतरवून पायांवरचा भार कमी होत नाही, वाढतो. थकलेला घोडा पुढच्या पायांवर लोळायला लागतो आणि लगामावर टेकतो, हे प्रत्येक स्वाराने अनुभवलेलं आहे. पाठ रिकामी असलेला घोडा हा थकवा मैदानात उतरण्याआधीच घेऊन येतो.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो: फोटोवरून पाठ ओळखता येत नाही. मान वर केलेला, मागचा एक पाय सैल सोडून उभा असलेला, दुपारच्या उन्हात टिपलेला घोडा चांगला असला तरी पोकळ दिसतो. निव्वळ एक चित्र पाहून स्वारावर चिखलफेक करणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. पण फोटो पुरावा नसेल तर तो दोन्ही बाजूंनी नसतो. त्यावरून दोषी ठरवता येत नाही तसंच निर्दोषही ठरवता येत नाही. घोडा चारही पायांवर सरळ उभा करा, मान नैसर्गिक उंचीवर ठेवा, आणि खांद्याच्या फळीच्या मागून पुठ्ठ्यापर्यंत दोन्ही बाजूंना तळहात फिरवा. जे लागेल ते लागेल. हे करायला जो नाही म्हणतो त्याने फोटोवर बोलू नका असं इतरांना सांगण्याचा हक्क गमावला आहे.

आपल्याकडे हा वाद उलट टोकाने येतो आणि शेवटी त्याच गोंधळात अडकतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दत्तजयंतीच्या सुमाराला जे मारवाडी आणि काठियावाडी घोडे येतात त्यांच्यात मानेची वळणदार कमान आणि पुठ्ठ्याची गोलाई पाहिली जाते, आणि त्या गोलाईतला बराचसा भाग चरबीचा असतो. मानेच्या आयाळीखालचा कडक उंचवटा हा ताकदीचा मानला जातो, प्रत्यक्षात तो बऱ्याचदा चरबीचा साठा असतो आणि खुरांच्या दाहाची पूर्वसूचना असू शकतो. एकीकडे चरबीला स्नायू समजायचं, दुसरीकडे चरबी गेली म्हणून स्नायू गेल्याचंही समर्थन करायचं. हे दोन्ही मार्ग एकाच अज्ञानातून फुटतात. भारताच्या फवाद मिर्झाने 2018 मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत इव्हेंटिंगमध्ये रौप्यपदक मिळवलं, 2023 मध्ये हांगझाऊला ड्रेसाजच्या भारतीय संघाने सुवर्णपदक मिळवलं आणि त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. मराठी मुलं आता या खेळाकडे डोळे लावून बसली आहेत, मुंबई-पुण्याच्या क्लबांत ती शिकत आहेत. त्यांच्यापुढे युरोपातलं हे ऐकीव तत्त्वज्ञान जसंच्या तसं येणार आहे. त्यात आपली अडचण जास्त आहे, कारण आपल्या शहरी पागांमध्ये घोड्याला मोकळं सोडायला जागा नसते. तो दिवसातले बावीस-तेवीस तास ठाणावर उभा असतो, हिरवा चारा मोजका मिळतो, आणि एक-दोन तासांच्या कामात त्याच्या पाठीवरून चार वेगवेगळे स्वार आणि बहुधा एकच खोगीर फिरतं. अशा घोड्याच्या पाठीचा खळगा दाखवून त्याला कसलेला म्हणणारा प्रशिक्षक त्या मुलांना काय शिकवतो आहे?

म्हणून मी हे पुन्हा, कुठलीही सवलत न देता सांगतो. फिटनेसने दिसणाऱ्या बरगडीचं स्पष्टीकरण होतं. खांद्यामागच्या खळग्याचं, बसलेल्या कंबरेचं आणि टोकदार पुठ्ठ्याचं स्पष्टीकरण फिटनेसने होत नाही. स्पर्धेच्या घोड्याची वरची रेषा सपाट असू शकते, लांबट असू शकते, ड्रेसाजच्या भरदार घोड्यापेक्षा खूप कमी भरलेली असू शकते, पण ती रिकामी असेल तर त्याचं कारण सांगण्याची जबाबदारी स्वारावर, मालकावर आणि प्रशिक्षकावर आहे, आणि कारण म्हणून घोड्याच्या श्रमांकडे बोट दाखवता येणार नाही. दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात, खोगीर काढून दोन्ही बाजूंनी पाठीची नोंद ठेवा. चरबीचा अंक वेगळा लिहा आणि स्नायूंचा वेगळा. घोड्याचा आकार बदलला की खोगीर पुन्हा बसवून घ्या. लायसिनचा हिशेब उष्मांकांइतकाच काटेकोरपणे करा. काम टेकडीवर, जमिनीवरच्या आडव्या खांबांवर, चालीच्या बदलांमध्ये करून घ्या. नेहमीच्या गोलात लगाम ताणून धरलेल्या अवस्थेत नको. 2011 मध्ये एका अभ्यासात गाजर दाखवून घोड्याला मान पोटाकडे आणि खुरांकडे न्यायला लावणारे साधे व्यायाम तीन महिने केल्यावर मल्टिफिडसचा आकार वाढला आणि दोन्ही बाजू जास्त समान झाल्या. त्याला ना पैसा लागतो ना मैदान, मोतद्दारही ते रोज करून घेऊ शकतो. आणि मोसमाच्या मध्यात पाठ बसायला लागली तर पशुवैद्याला बोलवा, स्पर्धेचा अर्ज मागे घ्या. जे परीक्षक घोड्याच्या पायांवर डोळा ठेवतात त्यांनी त्याच तपासणीत त्याच्या पाठीवर हात ठेवण्याचा अधिकार आणि जबाबदारी नियमात लिहून घ्यावी. ज्या घोड्याची पाठ त्या हाताखाली रिकामी लागेल त्याला त्या दिवशी परत तबेल्यात पाठवावं, त्याच्या पाठीवर बसणाऱ्याचं नाव कितीही मोठं असो.